क्लचचं पेडल

शुगरपायी आईचा डावा पाय कापावा लागला आणि तिची गाडी विकायचं लेकाने परस्पर ठरवूनही टाकलं. भंगारातून आणलेलं ते धूड तिनेच पत्रा ठोकून, इंजिन उघडून रस्त्यावर आणलं होतं. पण तिला विचारतो कोण! पाय गेल्यावर ती गॅरेजमध्ये काय खुडबुड करते, हेही कुणी पाहिलं नव्हतं. आज लेक गिऱ्हाईकच घेऊन आला. गिऱ्हाईक ऐटीत बसलं, किल्ली फिरवताच इंजिन गुरगुरलं. मग त्याचा डावा पाय खाली चाचपडू लागला. "अहो, क्लच कुठाय?" लेकाने वाकून बघितलं. पेडल मुळापासून कापून स्टिअरिंगशेजारी हाताने ओढायचा दांडा बसवलेला होता. "आई, आता ही कोण घेणार?" कुबड्या टेकत आई पुढे आली. कापलेलं पेडल तिने गिऱ्हाइकाच्या मांडीवर ठेवलं. "विकायला एवढंच आहे. घ्या आणि उतरा, मला बाजारात जायचंय."