साडेदहाचं गिऱ्हाईक

हैदराबादच्या कंपनीला संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. शंतनूनं दुपारीच ‘नाही’ लिहून पाठवलं आणि खाली येऊन आईला सांगितलं. तिची तव्यावरची पोळी करपली.

“पागल झालास का? एवढी मोठी नोकरी!”

“आई, त्यांची अट आहे, माझी साइट बंद करावी लागेल. त्यावर एक बंदा रोज येतो ना. त्याचं काम अडेल.”

ती साइट म्हणजे शंतनूचा जीव की प्राण. वेगवेगळ्या जिवांच्या प्रथिनांची रचना सांगणारी अक्षरं तिच्यात टाकायची. ती एकाखाली एक जुळवून मिळायची, म्हणजे कोणाचं कोणाशी किती साम्य ते दिसायचं. परदेशातल्या मोठमोठ्या साइट हेच फुकटात करत होत्या. देवासच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानावरच्या माळ्यातून चालणाऱ्या साइटला कोण विचारतो? पण दीड वर्षं, रोज सकाळी साडेदहाच्या सुमारास, एक काम यायचंच. कोण पाठवतं, ठाऊक नव्हतं. त्यात काय असतं, तेही शंतनूनं कधी उघडून पाहिलं नाही. लोकांचं संशोधन, त्यात आपण नाक कशाला खुपसायचं?

त्याच्या वडिलांना सगळे भाऊ म्हणत. ते दुकानातून जेवायला आले होते. त्यांचा घास हातातच राहिला.

“एका माणसापायी?”

“तुम्हीच म्हणता ना, एक गिऱ्हाईक असलं तरी शटर पाडायचं नाही?”

भाऊंनी तोंड उघडलं, मिटलं आणि ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहा वाजले. अकरा वाजले. काम आलं नाही. बारापर्यंत शंतनूनं तीनदा वायरी तपासल्या. शेवटी राहवेना, म्हणून त्यानं आदल्या दिवशीचं काम उघडलं. मग परवाचं. मग पार पहिल्या महिन्यापर्यंतचं. सगळीकडे एकच मजकूर होता: नवख्यांना कळावं म्हणून त्यानं स्वतःच पानावर ठेवलेला नमुना. दीड वर्षं कोणीतरी नुसतं बटण दाबून जात होतं. कामं जिथून आली तो पत्ताही ओळखीचा निघाला, बसस्टँडसमोरच्या पियूषच्या सायबर कॅफेचा. त्यानं पियूषला फोन लावला.

“नाराज मत होना, भिया. कुठं दाबायचं ते भाऊंना मीच शिकवलं.”

शंतनू जिना उतरून दुकानात आला. भाऊ पराती पुसत बसले होते. त्याचा चेहरा पाहताच ते समजले.

“नव्या दुकानाची बोहनी घरच्यांनीच करायची असते रे. गिऱ्हाईक लागेपर्यंत करू म्हटलं. कोणी येईचना. आज मात्र जायला पाय उचलला नाही.”

शंतनूला रडू यावं इतका राग आला. “काल जेवतानाच सांगायचं, भाऊ! संध्याकाळपर्यंत वेळ होता. फिरवलं असतं मी!”

भाऊ बराच वेळ एकच परात पुसत राहिले.

“सांगणारच होतो. पण तू इथेच राहतोस म्हटल्यावर... बरं वाटलं रे मला.”