दाराला घाम

महारुद्रअप्पांनी उठल्या उठल्या, चूळ भरायच्याही आधी, दाराला हात लावला. ओलं. पत्र्यावरून थेंब ओघळत होते आणि काल पुसून काढलेलं पाणी उंबऱ्याशी पुन्हा साचलं होतं.

अर्ध्या लिंबागणेश गावाला ज्यानं लोखंडी दारं विकली, त्याच्याच दारानं अशी अब्रू घालवावी! पण अप्पांना अब्रूची फिकीर नव्हती. दारापासून चार हातांवर बाजेवर त्यांची लेक अपेक्षा आणि दीड महिन्याची रुद्राणी झोपली होती. पहिलीच नात. काल तिला तीन शिंका आल्या. अप्पांनी मोजल्या होत्या.

पंधरा दिवस त्यांनी काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं आधी दारावर तंगडी वर करतं म्हणून शेजारच्या कुत्र्याला शिव्या घालून हाकललं. मग चौकटीच्या फटी सिमेंटनं लिंपल्या. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते, तरी दारावर छपरी ठोकली. पाणी काही हटेना. शेवटी तानाजी गवंड्याला बोलावणं धाडलं.

तानाजीनं दाराला बाहेरून हात लावला, मग आतून. बाहेर कोरडं, आत ओलं. त्यानं खोलीभर नजर फिरवली. खिडकीला पोतं ठोकलेलं, दोरीवर ओले लंगोट आणि दुपटी, कोपऱ्यात गॅसवर आंघोळीचं पाणी खदखदतंय. त्याला हसू आलं.

"अप्पा, त्या कुत्र्याला कशापायी शिव्या घातल्या? हे बाहेरचं पानी न्हाईच. घरातली वाफ हाय. थंडीनं पत्रा गार पडतो, वाफ त्याला लागती अन् पानी हुतं."

"मग इलाज सांग की."

"खिडकी उघडा."

"बाळंतिणीला वारं लागू देऊ?" अप्पांची बायको शिवम्मा कडाडली. "डोस्कं ठिकाणावर हाय का रं तुझं?"

तानाजीनं हात जोडले. "मग काहीच करू नका, अव्वा. अपेक्षाताई सोमवारी सासरी जायच्या हायत ना? त्या गेल्या की दार आपोआप कोरडं हुईल."

अपेक्षानं पोरीचं नीट बांधलेलं टोपडं सोडून पुन्हा बांधलं. अप्पांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि दार पुसायला घेतलं.

"ऱ्हाऊ दे बे," ते तानाजीला म्हणाले. "मी पुसत जाईन."

आणि सोमवारपर्यंत त्यांनी रोज पुसलं, एकदाही कुरकुर न करता.

सोमवारी लेक आणि नात धर्मापुरीला गेल्या. जीप वळणाआड जाईपर्यंत अप्पा हात हलवत होते. घरात येऊन शिवम्मानं खिडकीचं पोतं काढलं, दोरी सोडली, बाज उभी केली.

मंगळवारी सकाळी अप्पा सवयीनं पंचा घेऊन दाराशी गेले. पत्र्यावरून तळवा फिरवला. वाकून उंबरा चाचपला. सगळं कोरडं ठणठणीत. ज्याच्यासाठी इतके दिवस जिवाचा आटापिटा केला ते मिळालं होतं, आणि म्हाताऱ्याला रडू आवरेना.

जरा वेळानं त्यांनी मोठं पातेलं काठोकाठ भरलं आणि गॅसवर चढवलं. भांड्याच्या आवाजानं शिवम्मा जागी झाली.

"एवढं पानी कुनाला वो? आपन तर दोघंच."

"दाराला," अप्पा म्हणाले.

शिवम्मा त्यांच्याकडं बघत राहिली. मग उठली, आणि उघडी खिडकी घट्ट लावून घेतली.