दुमडलेलं टोक

अपघातातल्या गाडीच्या डॅशबोर्डचं मीटर बहिणीने त्याच्या मीटर-दुरुस्तीच्या टेबलावर ठेवलं. मेव्हण्यांना जाऊन महिना झाला होता.

“दादा, एअरबॅग उघडलीच नाही रे. बिघाड होता, तर लाल दिवा का नाही लागला? एकदासुद्धा नाही.”

एकदासुद्धा नाही, हे ऐकताच त्याने स्क्रू-ड्रायव्हर उचलला. धडधाकट गाडीतही किल्ली फिरवली की तो दिवा दोन सेकंद लागतोच.

त्याने काच काढली, तबकडी उचलली. दिव्यावर काळी टेप होती. पुढच्या कारागिराला सहज काढता यावी म्हणून एक टोक दुमडलेलं.

जुन्या गाड्यांचे डीलर त्याला गाडी कधी दाखवत नसत. नुसतं मीटर काढून आणत, त्याच्याकडून दिवा झाकून नेत. आणि टोक दुमडायची सवय अख्ख्या बाजारात त्याची एकट्याची.

“सापडलं काही?”

“दिवा... झाकलाय कुणीतरी.”

बहिणीने त्या टेपवरून बोट फिरवलं.

“मी ह्यांना म्हणत होते, घ्यायच्या आधी गाडी दादाला दाखवू या. तुझ्या नजरेतून हे सुटलं नसतं.”