पाठमोरी

अण्णांचा टीव्ही जुना, नव्या फाइली त्याला पचायच्या नाहीत. म्हणून थोरल्या मुलाने, सगळे व्हिडिओ साठवलेल्या घरच्या सर्व्हरमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवलं. अण्णांनी व्हिडिओ लावला, की कार्ड तो पचेल असा तिथल्या तिथे बदलून टीव्हीला भरवायचं.

मुलांच्या गेलेल्या आईचा एकच व्हिडिओ घरात होता. ओट्याशी उभी, पाठमोरी. शेवटपर्यंत ती वळतच नाही.

"आज कान दिसला रे तिचा," अण्णा म्हणाले.

"महागाचं कार्ड आहे, अण्णा. उद्या चहासुद्धा टाकेल."

दुसऱ्या दिवशी गाल दिसला. तो थोरल्यानेही पाहिला. मूळ फाइल त्याने आपल्या कॉम्प्युटरवर लावून बघितली. तिथे आई पाठमोरीच होती.

"कार्ड काढू नकोस हं," अण्णांनी हात जोडले. "एकदा चेहरा बघू दे."

पण अण्णांनी जेवणखाण सोडलं, टीव्हीसमोरून उठेनात. शेवटी थोरल्याने मन घट्ट केलं, सर्व्हर बंद केला आणि कार्ड उपसून हातात घेतलं. आता टीव्हीवर काही दिसणं शक्यच नव्हतं.

आतल्या खोलीत टीव्हीसमोर अण्णा लहान पोरासारखे हसले. "वळली रे, वळली!"

थोरला दाराकडे धावला. तेवढ्यात अण्णांचा आवाज आला, अगदी हळू.

"बाळा, तू आत येऊ नकोस."