प्रदर्शनातली दोरी

जालन्याच्या प्रदर्शनात मी कडबा कापायचं यंत्र मांडलं, तेव्हा हैदराबादहून आलेल्या शेरवानीतल्या विमा एजंटनं त्याभोवती दोरी बांधायला लावली. "बघणाऱ्याला इजा झाली तर भरपाई कंपनी देईल, शेठजी. दोरी सोडलीत तर तुम्ही द्यायची." दुसऱ्या दिवशी जाफराबादचे धर्मराज पाटील आले. तीन पिढ्यांचं गिऱ्हाईक दोरीपल्याड कसं उभं करायचं? मीच दोरी सोडून खिशात घातली. "या पाटील, स्वतः पेंढी घालून बघा." मी चाक फिरवलं, पाटलांची चार बोटं पात्याखाली गेली. दवाखान्यात एजंटनं विचारलं, "दोरी बांधलेली होती?" मी तोंड उघडायच्या आत पाटील म्हणाले, "व्हती साहेब. मीच वलांडून आत गेल्तो. शेठजींची काही चूक न्हाई." "स्वतःहून दोरी ओलांडली, मग भरपाई कोणाकडूनच नाही," म्हणत एजंटनं कागद मिटला. मी खिशातली दोरी बोटांनी आणखी आत सारली.