यादीत नसलेले शब्द

गांजा ओढणाऱ्यांची स्मरणशक्ती तपासणं हे तिचं रोजचं काम. ती पंधरा शब्द वाचून दाखवायची आणि वीस मिनिटांनी विचारायची, काय काय आठवतंय. बरेच जण निम्मे शब्द विसरायचे. काही जण रिकाम्या जागी मनचाच एखादा शब्द घालायचे. मेंदू असली ठिगळं लावतोच, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

सकाळी एका रंगाऱ्याने सात शब्द सांगितले आणि वर "जिना" जोडला. जिना यादीत नव्हता.

त्याच्यानंतर आलेला शिंपी म्हणाला, "जिना, निळं दार." ती चमकली. त्या दोघांची गाठसुद्धा पडली नव्हती.

तिसरे एक मास्तर होते. त्यांना यादीतलं काहीच आठवेना. डोळे मिटून ते म्हणाले, "जिना, निळं दार, कडी."

"कडी मी वाचलीच नाही, मास्तर."

"वाचलीत की, बाई. शेवटी, अगदी हळू आवाजात. कडी निघालीय, म्हणालात."

ते निळं दार आता तिलाच लख्ख आठवत होतं, कडीपाशी उडालेल्या रंगासकट. तिने घरी फोन लावला.

"आई, वरच्या खोलीची कडी लावलीस ना?"

आई हसली. "आपल्या बैठ्या घराला कुठली आलीय वरची खोली? त्या लोकांचा धूर तुलाही लागला की काय?"

तीही हसायला गेली. पण फोनमध्ये, आईच्या हसण्यामागे, कोणीतरी एकेक पायरी उतरत होतं.