कडक भाकरी

सरकारविरुद्ध भाषण केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या कपड्यांतल्या चौघांनी रावजी मास्तरांना शुक्रवार पेठेतल्या घरातून उचललं. मास्तरांची कवळी वाटीतल्या पाण्यातच राहिली. कवळीचं हे गुपित पत्नी वैजयंतीबाईंशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. चौकीत बाईंना रोज एकच उत्तर मिळे, "आम्ही कुणाला आणलंच नाही." विसाव्या दिवशी बाईंनी महिनाभर टिकणाऱ्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून नेली. "सापडले तर द्या," एवढंच म्हणाल्या. उतारवयातला हवालदार गाठोडं चाचपून हळहळला, "अवो बाई, कडक भाकरी चावायची कशी त्यांनी? तोंडात एक दात न्हाय की त्यांच्या!" बोलला आणि त्यानं जीभ चावली. म्हणजे मास्तर जिवंत होते, इथेच होते. वैजयंतीबाईंनी रोज सोबत बाळगलेली कवळी त्याच्यासमोर ठेवली. "आता चावतील," त्या म्हणाल्या. हवालदारानं साहेबांच्या खोलीकडे पाहिलं आणि कवळी खिशात घातली.